मंगळवारची हजेरी

अक्का आधी दाढी करत आणि मग मळवट भरत. या दोन गोष्टींच्या मधल्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललेले त्यांना चालत नसे. अंगणातल्या लिंबाला आरसा टांगलेला होता. त्याच्यासमोर उकिडव्या बसून त्या वस्तरा चालवत. वस्तरा धुऊन, पुसून पेटीत गेला की कुंकवाची डबी उघडेपर्यंत घरात कावळ्यानेही ओरडू नये, अशी त्यांची अपेक्षा असे. मी नवा होतो तेव्हा नेमक्या त्याच वेळात "अक्का, पाणी तापलंय का?" असे विचारून बसलो. कपाळ कुंकवाने पुरते भरून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, तेवढ्या वेळात मी कुनाचीच नसते. मग तुमाला पानी कोन दील?"

ते गाव नळदुर्गच्या रस्त्यावर, जळकोटपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर होते. मी तेरचा. निजामाचे राज्य असताना तिथल्या शाळेवर माझी नेमणूक झाली. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात निम्मे कानडी, असा तो मुलूख. बिनलग्नाच्या मास्तराला जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हते. अक्का तयार झाल्या. भाडे काय म्हणून विचारले तर म्हणाल्या, "रोज सांजच्याला कायतरी वाचून दावायचं. काय बी चालंल."

काय बी म्हणजे खरोखरच काहीही. पोथी वाचली, जुनी वर्तमानपत्रे वाचली, एकदा काहीच नव्हते म्हणून मुलांचे भूगोलाचे पुस्तक उर्दूतून मराठी करत वाचले. गंगा झाली, गोदावरी झाली, कृष्णा झाली. अक्का वाती वळत ऐकत होत्या.

"तेरणा हाय का त्यात?"

"नाही."

"तुमच्या गावची नदी न्हाय, आन् तुमी पोरास्नी तेच शिकवताय? मिटा ते."

मी मिटले. अक्कांच्या घरी ज्या पुस्तकात आपण नाही ते पुस्तक मिटायचे असते, हे मी पुढेही अनेकदा पाहिले.

त्या उंच होत्या, खांद्याने रुंद होत्या, आणि हात शेतकऱ्याचे होते. वेशीजवळच्या पट्टीत त्या स्वतः औत धरत. हिरव्या लुगड्याचा काचा मारलेला, गळ्यात कवड्यांची माळ, आणि बैलांना घातलेल्या शिव्या मात्र अस्सल बाप्यांच्या. आवाज खर्जातला होता. तो त्यांनी कधी बारीक केला नाही. बाजारात एखादा नवखा व्यापारी आवाज ऐकून दचकून मागे बघायचा, तेव्हा अक्का त्याला तोंड भरून "काय पाव्हनं?" असे विचारायच्या आणि तो गोंधळला की खुशीत पुढे जायच्या.

जन्म ईट गावचा. घरात पाळण्यात घातले ते मुलगा म्हणून. लहानपणी डोक्यात जट निघाली, आईबापांनी तुळजापूरला नेऊन देवीच्या नावाने माळ घातली. लोक ही गोष्ट हळहळून सांगायचे. अक्कांना ती हळहळ आवडत नसे.

"लोकं म्हनत्यात, आईबापानं देवीला सोडलं पोरगं. सोडायला मी काय वळू हाय? देवीनं मला मागून घेतलं. मागून घेतलेलं आन् सोडलेलं, ह्यात लई फरक असतोय मास्तर."

मागणे हा त्यांच्या बोलण्यातला मोठा शब्द होता. दर मंगळवारी त्या हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागत, आणि त्या दिवशी परडीत जे पडेल तेवढेच शिजवून खात. पाच घरांत पाटलांचे घर होते, कानडी बोलणाऱ्या शेटजींचे होते, आणि वेशीबाहेरचेही एक होते. या शेवटच्या घरावरून पूर्वी कुणीतरी कुरकुर केली होती म्हणे. अक्कांनी पुढच्या मंगळवारपासून त्याच घरी आधी जायला सुरुवात केली.

गावात त्यांना नावे पुष्कळ होती. पाटलांकडे त्या आराधी, कुणी जोगत्या म्हणे, शेटजींच्या दुकानात जोगप्पा, मुसलमान मोहल्ल्यात खोजा, आणि शाळेमागच्या टवाळ पोरांत बायल्या. धान्य पाखडावे तसा अक्का प्रत्येक शब्द पाखडून घेत. शब्दावर त्यांचा राग नसे, म्हणणाऱ्याच्या आवाजात खडा आहे का एवढेच त्या बघत. खडा असला तर मात्र खैर नसे. बायल्या म्हणणाऱ्या एका पोराला त्यांनी कान धरून शेतात नेले आणि औत हातात देऊन म्हणाल्या, "तू बाप्या हाय न्हवं? मग एक तास धर नीट." मातीत ओढलेला तास वाकडा गेला. त्या पोराने पुढे त्यांना अक्काच म्हटले.

मला पुस्तकी सवय. मी एकदा जुने कोश चाळून त्यांच्यासाठी संस्कृतातला शब्द शोधून काढला आणि मोठ्या उत्साहाने सांगितला, "अक्का, शास्त्रात तुम्हाला तृतीया प्रकृती म्हणतात. एक पुरुष, दुसरी स्त्री, आणि तुमची ती तिसरी."

अक्कांनी वात वळायची थांबवली.

"तिसरी? पैली का न्हाय?"

मी कोश मिटला.

मग तो अमीन आला. अमीन म्हणजे आमच्याकडचा पोलिसांचा अधिकारी. हा हैदराबादचा, तरुण, कडक इस्त्रीचा, आणि कायद्यावर खरोखरच श्रद्धा असलेला होता. त्या राज्यात एक जुना कायदा होता. त्यात अक्कांसारख्यांना मुखन्नस म्हटलेले होते, आणि असे माणूस बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसले तर त्याला धरून आत टाकता येत असे. आमच्या बाजूला तो कायदा कुणी कधी वापरलेला नव्हता. या अमिनाने वापरायचे ठरवले.

निरोप घेऊन जो जवान आला तो गावातल्याच मुसलमान मोहल्ल्यातला होता. लहानपणी त्याला खोकला झाला की त्याची आई अक्कांकडून अंगारा नेत असे. तो दारातच घुटमळला.

"अक्का, साब का हुकूम है. लुगडा पहन के रस्ते पे नै आना."

"मग काय नेसून येऊ? तुझी चड्डी दे."

"मजाक नक्को करो अक्का. पकड लेंगे बोले."

"आरं, तुझ्या सायबाची वर्दी हाय, तुझी वर्दी हाय, तशी ही माझी वर्दी. ती काढून देवीच्या कामाला कशी जाऊ? तू जाशील का उघडा चौकीला?"

जवान हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. तो गेल्यावर अक्का वाती वळायला बसल्या. तुरुंगाची भीती त्यांना नव्हती. मला त्या एवढेच म्हणाल्या, "आत गेल्यावर परडी कोन न्हील? जट कापत्यात म्हनं तिथं."

त्या मंगळवारी त्या जोगव्याला गेल्या नाहीत. दाढी केली, मळवट भरला, लुगडे नेसल्या आणि परडी पुढ्यात घेऊन ओसरीवर बसून राहिल्या. दिवसभर काही खाल्ले नाही. पुढच्या मंगळवारी तसेच. गावात ते कळायला वेळ लागला नाही. शेटजींच्या घरच्या थोरल्या बाई, ज्यांना सगळा गाव अव्वा म्हणत असे, त्या सुपात पीठ, डाळ, गूळ घेऊन आमच्या दारी आल्या. त्यांच्यामागे पाटलीणबाई होत्या. वेशीबाहेरच्या घरची म्हातारीही ओंजळीत जोंधळे घेऊन अंगणाबाहेर उभी होती.

"घे गं अक्का," अव्वा म्हणाल्या. "रस्त्यावर तू येऊ नको म्हणतोय ना तो, मग आमीच आलो."

अक्का उठल्या. तिघींना त्यांनी वाकून नमस्कार केला. आणि परडी पाठीमागे घेतली.

"अव्वा, हे दान झालं. दान मी घेत न्हाय."

"अगं, तेच पीठ, तेच आमी!"

"न्हाय. जोगवा मागावा लागतोय. दाराम्होरं उभं राहून, आवाज दिऊन. मागितल्याबिगर दिलेला त्यो जोगवा न्हवं. देवीनं मला मागून घेतलं, तिनं काय वाट बघितली न्हाय कुनी आनून दील म्हनून."

अव्वा चिडल्या, कानडीत बडबडल्या, आणि जाताना डोळे पुसत गेल्या. पुढचा मंगळवारही उपाशी गेला. अक्कांच्या गालांची हाडे दिसायला लागली. मी म्हटले, धोतर नेसून जोगव्याला जा, देवी समजून घेईल. त्यांनी माझ्याकडे असे बघितले की मी पुस्तक उघडून वाचायला लागलो.

अमिनाला वाटले असावे, हुकूम पाळला जातो आहे, आता कागदोपत्री काम पुरे करावे. सोमवारी जवान पुन्हा आला.

"अक्का, कल चावडी पे आना. साब बुलाए. मास्तरसाब, तुम भी आना, लिखने कू."

अक्का जात्यावर बसल्या होत्या. "उद्या कुटला वार?"

"मंगल."

जाते थांबले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले.

"सायबाला म्हनावं, येते. सरकारचा हुकूम मोडायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी दाढी केली, गप्प बसल्या, मळवट भरला. ठेवणीतले हिरवे लुगडे काढले. हातभर चुडा, कवड्यांची माळ, जटेला फूल. परडी उचलली आणि दारात उभ्या असलेल्या जवानाला म्हणाल्या, "चल." पुढे अक्का, मागे बंदूक घेतलेला जवान, त्याच्या मागे मी.

अक्कांचे घर वेशीपलीकडे, म्हणून रस्त्यात पहिले घर वेशीबाहेरचे. अक्का थांबल्या आणि तो खर्जातला आवाज साऱ्या आळीत घुमला, "आई राजा उदे उदे! जोगवा वाढ गं माय!"

"अक्का!" जवान घाबरून म्हणाला. "ये क्या करते?"

"सायबाकडं चाललेय की. रस्त्यानं जाऊ नको तर काय उडून जाऊ?"

म्हातारी जोंधळे घेऊन धावत आली. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. लोक दारांत येऊन उभे राहिले. पोरे मागे लागली. पाटलांच्या दारी जवान अगदी रडकुंडीला आला.

"जल्दी चलो ना अक्का. साब मेरेकू मारिंगे."

"दम धर जरा. पाटलीणबाई पीठ आनाया गेल्यात. सरकारी कामात घाई करू ने."

अव्वांनी परडीत इतके पीठ ओतले की ते रस्त्यावर सांडले. पाच घरे झाली आणि चावडी आली. ते आखणी करून ठेवल्यासारखे होते, पण चावडी पूर्वीपासून तिथेच होती.

अमीन खुर्चीत बसला होता. पाटील, शेटजी आणि गावातली चार माणसे बाजूला उभी होती. अक्कांना बघून तो उठलाच.

"इसे इन कपड़ों में लाया तू?"

"हुजूर," जवान म्हणाला, "आप बोले लेके आ. कपड़े उतार के ला बोले नै."

पाटलांना खोकल्याची उबळ आली. अमिनाने मला समोर बसवले. कायद्यातला मजकूर मी वाचून दाखवला, आणि मुखन्नस हा शब्द आला तेव्हा अक्कांनी हात वर केला.

"काय म्हनतंय मास्तर त्ये?"

मी अर्थ सांगितला. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "मुखन्नस. जड हाय, पर बरा हाय. शेटजी जोगप्पा म्हनत्यात, पाटील आराधी. लिवा, आजून एक."

"मगर ये है क्या?" अमिनाचा आवाज चढला. "मर्द या औरत? एक लफ़्ज़ में बोल!"

हा प्रश्न गावाने अक्कांना इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. नावे ठेवली होती, टवाळी केली होती, पण असा हिशेब मागितला नव्हता. त्यांच्या उत्तरावर त्यांचा तुरुंग होता, जट होती, पुढचे सगळे मंगळवार होते. अक्कांनी परडी खाली ठेवली.

"सायबाला सांगा मास्तर. आमच्या देवीला आमी हाक मारतो ती 'आई राजा' म्हनून. आई बी म्हनतो आन् राजा बी म्हनतो, येकाच दमात. आजवर तिला कुनी इचारलं न्हाय, बाई तू आई का राजा, येक काय ते सांग. मी तिचं मानूस हाय. मला तरी का इचारता?"

मी ते उर्दूत सांगितले. माझा आवाज लहान आहे, वर्गातही मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. पण जन्मभरात मी जी काही भाषांतरे केली, त्यातले ते एकच खरोखर चांगले झाले असे मला वाटते. कुणीतरी मागून "आई राजा उदे उदे" म्हणाले आणि चावडीवरच्या सगळ्यांनी ते उचलले. पाटलांनी आपली टोपी सारखी केली.

अमिनाने कायद्याचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग बसला आणि म्हणाला की, हिला आत टाकायचे की नाही ते नंतर ठरवू, तोवर हिच्यावर सरकारची नजर राहील. दर मंगळवारी चावडीवर येऊन हजेरी द्यायची. चुकली तर धरून आणायचे.

"ह्याच वर्दीत येऊ का सायब?" अक्कांनी नम्रपणे विचारले. "धोतर नेसून आले तर तुमचा जवान मला वळखायचा न्हाय. म्हनंल, ह्यो कोन परका बाप्या आला?"

अमिनाने हात झटकला. तो हात 'जा' म्हणाला की 'हो' म्हणाला, यावर गावात पुढे पुष्कळ वाद झाले. मंगळवारीच हजेरी लावणारा तो अमीन भोळा होता की फार शहाणा, हेही मला अजून उमगलेले नाही. एवढे खरे की त्या दिवसापासून निजाम सरकारच्या हुकमाने, निजाम सरकारच्या जवानाच्या बंदोबस्तात, अक्का दर मंगळवारी जोगवा मागत चावडीवर जाऊ लागल्या. परडी भरली की चावडीच्या पायरीवर उभ्या राहून त्या खर्जात ओरडत, "हजेरी, सरकार!" आणि जवान म्हणे, "हजर है!"

पुढे राज्य बदलले. अमीन निघून गेला. मुसलमान मोहल्ल्यावर हल्ले होत होते त्या वाईट दिवसांत जवानाची बायकामुले अक्कांच्या मागच्या खोलीत होती आणि दारात अक्का देवीच्या पोताची मशाल पाजळून बसल्या होत्या. त्या दाराशी कुणी आले नाही. जवानाने वर्दी उतरवली आणि तो शेती करू लागला. आता हजेरी मागणारे कुणी उरले नव्हते. पण मंगळवार आला की अक्का रिकाम्या चावडीसमोर उभ्या राहून ओरडतच. नवा पोलीस बाहेर येऊन विचारायचा, "कशाची हजेरी?" अक्का म्हणायच्या, "तुमाला ठावं नसंल. तुमी नवं हायसा." जवान शेतात असला तर तिथून ओरडायचा, "हजर है!"

एका हिवाळ्यात अक्का गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. वार मंगळवार नव्हता.

ईटहून पुतण्या आला. चांगला मुलगा होता, खरोखर रडत होता. येताना त्याने कोरे धोतर आणि उपरणे आणले होते. "काकाला आता तरी मानसासारखं न्यावं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खडा नव्हता. घर त्याचे, रक्त त्याचे. पाटलांनी माझ्याकडे बघितले आणि मी जमिनीकडे.

जवान पुढे झाला. त्याने पुतण्याच्या हातातले धोतर हलकेच घेतले, त्याची घडी नीट केली आणि परत त्याच्याच हातात दिली.

"बेटा, वर्दी के बगैर हजेरी नै लगती."

पुतण्याला त्यातले काही कळले नसावे. पण त्याने आमची तोंडे बघितली आणि धोतर पिशवीत ठेवले.

न्हाव्याने लिंबाखाली दाढी केली. अव्वा कुंकवाची डबी घेऊन बसल्या होत्या. वस्तरा धुऊन, पुसून पेटीत गेला. डबी उघडेपर्यंत अंगणात कुणी बोलले नाही. रडणाऱ्या बायकाही थांबल्या. ते कुणी कुणाला सांगितलेले नव्हते. मग अव्वांनी कपाळ भरले.

हिरव्या लुगड्यात, चुड्यासकट, अक्का नेहमीच्या रस्त्याने निघाल्या. वेशीबाहेरच्या घरी म्हातारी ओंजळीत जोंधळे घेऊन उभी होती. पुढच्या दारांतही बायका तशाच उभ्या असलेल्या लांबून दिसत होत्या. पण ओंजळी मिटलेल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होते. मागितल्याशिवाय दिलेला तो जोगवा नव्हे.

परडी माझ्या हातात होती. ती घरात राहू नये एवढ्याच विचाराने मी ती उचलली होती. म्हातारीने माझ्याकडे बघितले. खांदेकरी थांबले. मी जन्मात कधी रस्त्यावर आवाज चढवलेला नाही.

"आई राजा उदे उदे!" मी ओरडलो. "जोगवा वाढ गं माय!"

म्हातारीची ओंजळ उघडली. पुढच्या घरी मी पुन्हा ओरडलो, आणि त्याच्या पुढच्या घरी. अव्वांच्या दारापर्यंत माझा घसा फाटला होता, पण आवाज आळीच्या टोकापर्यंत जात होता. चावडी आली तेव्हा परडी शिगोशीग भरली होती. आम्ही पायरीशी थांबलो. नवा पोलीस बाहेर आला आणि या वेळी काही न विचारता टोपी काढून बाजूला उभा राहिला.

"हजेरी, सरकार," मी म्हणालो.

"हजर है," जवान म्हणाला, आणि त्याने पुन्हा खांदा दिला.